भांडवलशाही की समाजवाद? खानदेशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांमध्ये, शेतकरी मेळाव्यांमध्ये आणि कापसाचा भाव पडला की गावोगावच्या पारांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे तटस्थ नाहीत. कोणत्याही व्यवस्थेत दुबळ्या बाजूला व्यवहार नाकारता येतो की नाही, हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि पुढील विवेचन त्याच दृष्टीने केलेले आहे.

या दोन व्यवस्थांमधला मूळ फरक कोणता?

जमीन, कारखाने, यंत्रे आणि भांडवल ही उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची असावीत आणि काय, किती व कोणत्या भावाने पिकवायचे किंवा बनवायचे हे कोणी ठरवावे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत हा फरक आहे. भांडवलशाहीत साधने खासगी मालकीची असतात, निर्णय नफ्याच्या अपेक्षेने घेतले जातात आणि भाव बाजारात ठरतो. समाजवादात प्रमुख साधने समाजाच्या, व्यवहारात बहुतेक वेळा सरकारच्या, मालकीची असतात आणि निर्णय नियोजनाने घेतले जातात. बाजार आणि भांडवलशाही एकच मानणे ही चर्चेतील नेहमीची गफलत आहे, कारण आठवडे बाजार भांडवलशाहीच्या कितीतरी आधीपासून भरत आले आहेत. त्याचप्रमाणे सरकारने केलेली प्रत्येक गोष्ट समाजवादी असते असेही नाही. आपल्याकडे रेल्वे आली ती वसाहतीच्या सरकारच्या आश्रयाने, आणि मुख्यतः कापूस मुंबई बंदरात पोहोचवण्यासाठी.

भारत कायद्याने समाजवादी देश आहे का?

राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. धोरण त्याआधीच त्या वाटेने निघाले होते: १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, १९५६ मध्ये आयुर्विम्याचे आणि १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९१ च्या जुलैपासून दिशा बदलली, परवाना पद्धत बहुतांश मोडीत निघाली. उद्देशिकेतील शब्द मात्र कायम राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द काढून टाकण्याची मागणी फेटाळली आणि त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा असून तो खासगी उद्योगाच्या आड येत नाही, असे स्पष्ट केले. त्याच महिन्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने असाही निर्णय दिला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. म्हणजे कायद्याने भारताला एका टोकाचा देश म्हणता येत नाही, आणि वादविवादात एका बाजूने ‘आपण समाजवादी आहोत’ असे गृहीत धरून बोलणे टिकणार नाही.

खानदेशाने समाजवादी पद्धतीचा प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे का?

घेतला आहे, आणि तोही आपल्या मुख्य नगदी पिकाच्या बाबतीत. महाराष्ट्राने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. तिच्यानुसार राज्यात पिकलेला कापूस खासगी व्यापाऱ्याला विकण्यास बंदी होती; तो पणन महासंघाच्या केंद्रावरच घालावा लागे, महासंघ त्याची गाठ बांधून विकत असे आणि नफा झाल्यास बोनसच्या रूपाने शेतकऱ्याला परत करत असे. तिच्यामागचा हेतू प्रामाणिक होता. त्याआधी व्यापारी वजनात कट्टी म्हणजे मनमानी वजावट लावत असे, प्रत मनाने ठरवत असे, हंगामाच्या तोंडावर उचल देऊन पीक आधीच बांधून घेत असे, आणि सरकीपासून गाठीपर्यंतचा सगळा नफा मधल्या माणसांच्या हाती राहत असे. ही साखळी तोडण्यासाठी राज्याने स्वतःच एकमेव खरेदीदार व्हायचे ठरवले.

काही वर्षे योजनेने चांगले दिवसही दाखवले. बाहेरचा भाव कोसळला तेव्हा इथल्या शेतकऱ्याला हमी मिळाली आणि प्रतवारीची शिस्त लागली. पण एकमेव खरेदीदार झालेले राज्य हळूहळू जुन्या व्यापाऱ्यासारखेच वागू लागले, आणि त्याला नाकारण्याची सोय शेतकऱ्याकडे उरलेली नव्हती. केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागत, प्रत ठरवणाऱ्याच्या मर्जीवर भाव अवलंबून असे आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. खानदेश गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असल्यामुळे योजनेतला दोष येथे लवकर उघडा पडला: पलीकडे भाव जास्त असला की इकडचा कापूस रात्री सीमा ओलांडून जाई, आणि पलीकडे भाव कमी असला की तिकडचा कापूस आपल्या केंद्रांवर येई. दोन्ही वेळा तोटा योजनेचाच होत असे. ज्या शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला कापूस अधिक भावाने विकला, त्याला कायद्याने गुन्हेगार ठरवले, ही गोष्ट आम्हाला आजही अन्याय्य वाटते. भाव राजकीय दबावाखाली जाहीर होऊ लागले, तोटा साचत गेला आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला पुन्हा मुभा मिळून एकाधिकार संपला.

या अनुभवातून काहीजण असा निष्कर्ष काढतात, की सरकारने बाजारात पाऊलच टाकू नये. आमचे मत वेगळे आहे. सरकारने खरेदी केली यात काहीच गैर नव्हते; इतर सर्वांना खरेदी करण्यास मनाई केली, हे गैर होते.

मग आजचा हमीभाव आणि सीसीआयची खरेदी ही समाजवादी व्यवस्था म्हणावी का?

नाही, कारण हमीभावाने विकण्याची सक्ती नसते. भारतीय कापूस महामंडळ म्हणजेच सीसीआय हा बाजारातला एक अधिकचा खरेदीदार आहे. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता आणि बाजारभाव १०,००० रुपयांच्या पुढे गेला. त्या वर्षी महामंडळाच्या केंद्राकडे कोणी फिरकले नाही आणि शेतकऱ्याला बाजाराचा पुरेपूर लाभ झाला. एकाधिकार योजना असती, तर ती तेजी त्याच्या वाट्याला तेव्हाच आली नसती. उलट मंदीच्या वर्षी हमीभाव नसता, तर व्यापारी म्हणेल त्या दराने कापूस द्यावा लागला असता.

प्रत्यक्षात हा आधार कागदावर दिसतो तितका भक्कम नाही. ओलावा १२ टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर केंद्रावर कापूस नाकारला जातो, नोंदणी आणि पैसे मिळण्याची वाट पाहावी लागते. आणि दिवाळीपूर्वी ज्याला मजुरी, किराणा व कर्ज एकाच वेळी भागवायचे असते, तो शेतकरी खेडा खरेदीवाल्याला जागेवर कापूस देऊन मोकळा होतो. साठवण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्यालाच हमीभावाचा खरा उपयोग होतो. दुसरीकडे, २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते हटवले. पुढे ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कापड गिरण्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून घेतलेला हा निर्णय होता. बाजार मुक्त ठेवायचा की बांधायचा हे कोणाच्या सोयीने ठरते, हे यातून दिसते, आणि वादविवादातील दोन्ही बाजूंनी या निर्णयाचा अभ्यास करावा.

सोव्हिएत संघाचे नियोजन का फसले? केवळ नेते वाईट निघाले म्हणून का?

नेत्यांच्या क्रौर्याचा भाग मोठा आहे, पण तेवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. १९२० मध्ये ऑस्ट्रियाचे अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी एक आक्षेप मांडला होता: उत्पादनाच्या साधनांची खरेदी-विक्रीच होत नसेल, तर त्यांना भाव राहणार नाही, आणि भाव नसेल तर कोणते साधन कोठे वापरणे फायद्याचे हे मोजताच येणार नाही. फ्रीडरिक हायेक यांनी १९४५ मध्ये त्यात भर घातली, की कोणत्या शेतात काय पिकेल, कोणत्या गावाला काय हवे, हे ज्ञान लाखो माणसांमध्ये विखुरलेले असते आणि ते एका कार्यालयात गोळा करता येत नाही. रावेरच्या केळी बागायतदाराला आपल्या जमिनीचे जे कळते ते मंत्रालयातल्या टेबलावर पोहोचत नाही, हे आपण रोज पाहतो. त्यामुळे हा आक्षेप खानदेशच्या वाचकाला सहज पटावा.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की सामुदायिक शेतीची सक्ती झाल्यावर शेतकऱ्याला धान्य देण्यास नकार देण्याचा हक्क राहिला नाही. १९३२-३३ च्या सोव्हिएत दुष्काळात लाखो माणसे मेली आणि चीनमध्ये १९५८ नंतरच्या ‘मोठी झेप’ या सरकारी मोहिमेत कोट्यवधी माणसे भुकेने गेली; चीनमध्ये तर वरून ठरवलेले उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे खोटे आकडे खालून वर पाठवले जात होते आणि त्या आकड्यांनुसार धान्य उचलले जात होते. १९७८ मध्ये चीनच्या आनह्वेइ प्रांतातील शाओगांग गावात १८ कुटुंबांनी जमीन आपसांत वाटून कसण्याचा गुप्त करार केला. पुढे हीच पद्धत देशभर स्वीकारली गेली. समाजवादाच्या समर्थकाने हा इतिहास टाळू नये. तो टाळून केलेला युक्तिवाद दुबळा राहतो.

तर मग भांडवलशाहीनेच गरिबी हटवली, हे मान्य करावे का?

बऱ्याच अंशी मान्य करावे. बाजाराला वाट मोकळी करून दिल्यानंतरच्या चार दशकांत चीनमध्ये सुमारे ८० कोटी लोक अतिगरिबीतून बाहेर आले, आणि भारतातही १९९१ नंतर गरिबी वेगाने घटली. पण चीनमधील शेतजमिनीची मालकी आजही सामूहिक आहे, आणि सुधारणांपूर्वीच तेथे साक्षरता व प्राथमिक आरोग्य सेवा सार्वजनिक खर्चाने पुष्कळ पसरली होती. शिकलेला आणि धडधाकट मजूर आधीपासून तयार होता. बाजाराने त्याला काम दिले. हे दोन्ही घटक एकत्र सांगितले नाहीत तर चित्र अर्धवट राहते.

बाजाराचा फटका खानदेशाने फार पूर्वीच सोसला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला न भूतो असा भाव आला. ज्वारीच्या जागी कापूस पेरला गेला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, पण कर्ज आणि शेतसारा जसाच्या तसा राहिला. तेजीचा नफा ज्यांनी घेतला आणि मंदीचा तोटा ज्यांनी भरला ती माणसे वेगळी होती. १९२९ ची जागतिक मंदी आणि २००८ चे बँकांचे अरिष्ट यांतही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. २००८ मध्ये तर जोखीम घेतलेल्या बँका सरकारी पैशाने वाचवल्या गेल्या. जोखीम घेणाऱ्यानेच तोटा सोसावा, हे भांडवलशाहीचे तत्त्व तेथे सोयीनुसार बाजूला ठेवले गेले.

अमळनेरची विप्रो हे खासगी उद्योजकतेचे यश नाही का?

निःसंशय आहे. १९४५ मध्ये अमळनेरात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तूप बनवणारी कंपनी स्थापन झाली. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर २१ वर्षांच्या अझीम प्रेमजींनी तिची सूत्रे हाती घेतली आणि तेलाच्या कारखान्यातून संगणक क्षेत्रातली विप्रो उभी राहिली. सुरुवातीच्या काळात समभाग घेऊन ते जपून ठेवणारी अमळनेरची साधी कुटुंबे त्यातून श्रीमंत झाली. कोणत्याही नियोजन मंडळाला हा प्रवास आधी लिहून देता आला नसता.

त्याच अमळनेरात प्रताप मिल होती. तिच्या कामगारांमध्ये साने गुरुजींनी काम केले. त्याच गावात मिलमालक प्रताप शेठ यांनी मिलच्या संपत्तीतून शिक्षण संस्थांना आणि १९१६ मध्ये स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिराला आधार दिला. एकाच गावात भांडवलदाराचे दातृत्व आणि कामगाराचा लढा एकमेकांशेजारी उभे होते, आणि एकामुळे दुसऱ्याची गरज संपली नाही. दान मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. वेतन, कामाचे तास आणि सुरक्षितता ही त्याच्या इच्छेवर सोडता येत नाहीत.

जळगावच्या ठिबक सिंचन उद्योगाकडेही असेच पाहावे लागते. कल्पकता आणि धाडस उद्योजकाचे होते, परंतु ठिबक संच लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आणण्यात सरकारी अनुदानाचा वाटा मोठा आहे, आणि संचात जे पाणी येते त्यातले बरेच सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या धरणांमुळे विहिरींत टिकते.

सहकार हा तिसरा मार्ग नाही का?

आमची सर्वाधिक आशा येथे आहे, आणि सर्वाधिक निराशाही येथेच झाली आहे. पांझरा नदीच्या खोऱ्यातील फड पद्धत शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली गावच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सर्वांनी मिळून ठरवलेले एकच पीक. जमिनीची मालकी ज्याची त्याची, पाणी मात्र सर्वांचे. पाळी ठरवायला आणि पाटावर लक्ष ठेवायला पाटकरी व जागले असत आणि त्यांचा मेहनताना शेतकरी देत. ही व्यवस्था सरकारने निर्माण केली नव्हती आणि नफ्यासाठीही उभी राहिली नव्हती. वरच्या बाजूला मोठी धरणे आल्यावर तिचे पाणी तुटले आणि पुष्कळ ठिकाणी ती मोडली.

साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने आपले जंगल स्वतः नियम करून राखले. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सामायिक साधन एक तर सरकारकडे द्यावे किंवा खासगी करावे, अन्यथा ते नष्ट होते, हा समज चुकीचा असल्याचे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील अशा उदाहरणांवरून दाखवले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

याउलट साखर कारखाने, सूतगिरण्या आणि पतसंस्था यांत सभासद कागदावर मालक राहिला आणि सत्ता मोजक्या घराण्यांकडे गेली. आपल्या भागातील कित्येक पतसंस्था बुडाल्या, तेव्हा निवृत्त शिक्षकांपासून मोलमजुरी करणाऱ्या बायांपर्यंत असंख्य ठेवीदारांची आयुष्यभराची बचत अडकली. फड आणि पतसंस्था यांतील फरक असा, की फडातला प्रत्येक शेतकरी पाट रोज डोळ्यांनी पाहत होता. पतसंस्थेचा हिशेब ठेवीदाराला कधी दाखवलाच गेला नाही.

स्वीडन समाजवादी आहे ना?

नाही. तेथे उद्योग बहुतांश खासगी आहेत आणि बाजार खुला आहे. मात्र कर जास्त आहेत, संघटित कामगार बलवान आहेत आणि शिक्षण, आरोग्य व बेकारी भत्ता यांची जबाबदारी समाजाने उचललेली आहे.

आदिवासींच्या जमिनीच्या विक्रीवर बंधन का? हे त्यांच्या मालकी हक्काविरुद्ध नाही का?

खुल्या बाजाराच्या समर्थकांचा हा आक्षेप तर्काला धरून आहे, पण नंदुरबार जिल्ह्यातील शहादा परिसराचा इतिहास तो बाजूला ठेवतो. भिल्ल कुटुंबांच्या जमिनी सावकारी आणि फसव्या कागदांतून गेल्या आणि मालकच आपल्या शेतात मजूर झाले. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेच्या माध्यमातून त्यांनी लढा दिला. १९७४ मध्ये राज्याने आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. उपाशी माणसाने अंगठा उठवून दिलेली संमती ही खरी संमती नसते. बंधनामुळे आज एखाद्या आदिवासी कुटुंबाला जमिनीवर कर्ज मिळणे अवघड जाते, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून सरकारी हमीवर कर्जाची सोय करावी. बंधन उठवण्याच्या मागणीला आमचा विरोध आहे.

डॉ. आंबेडकर या वादात कोणत्या बाजूला होते?

१९४७ मध्ये संविधान सभेपुढे मांडण्यासाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, असे सुचवले होते. त्यामागचे त्यांचे कारण विचार करण्यासारखे आहे: नोकरी गमावण्याची भीती असलेला माणूस आपले मूलभूत हक्क सोडून देण्यास तयार होतो, म्हणून आर्थिक सत्ता खासगी हातांत राहिल्यास राजकीय हक्क पोकळ ठरतात. त्याच वेळी ही व्यवस्था संसदीय लोकशाहीत आणि घटनेच्या चौकटीत राहावी, हुकूमशाहीत नाही, असा त्यांचा आग्रह होता. शेतीच्या राष्ट्रीयीकरणाशी आम्ही सहमत नाही, परंतु त्यांचे निदान आम्हाला अचूक वाटते.

या सगळ्यात सालदाराचे काय?

हा प्रश्न क्वचित विचारला जातो, तरी तो येथे मुद्दाम घेतला आहे. शेतकरी आणि व्यापारी यांच्या भांडणात दोघेही ज्याला विसरतात, तो आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत एका घरी राबणारा सालदार. पूर्वी उचल घेऊन तो वर्षभरासाठी बांधला जाई. मध्येच सोडून जायचे तर कर्ज डोक्यावर राही, आणि पुढच्या आखाजीला तीच उचल नव्या सालात ओढली जाई. हमीभाव वाढला म्हणून त्याचे साल, म्हणजे वर्षाची मजुरी, आपोआप वाढत नसे.

त्याची स्थिती बदलली ती दोन वेगवेगळ्या कारणांनी. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेल्या रोजगार हमी योजनेने त्याला मालकाच्या दाराशिवाय दुसरे दार दिले. ती सार्वजनिक तरतूद होती. नंतर सुरतच्या कापड उद्योगाने आणि शहरांतल्या बांधकामांनी त्याहून जास्त मजुरी देऊ केली. ते बाजाराचे काम होते. आज बागायतदार सालदार मिळत नसल्याची तक्रार करतात. आम्हाला या तक्रारीत एक शुभवर्तमान दिसते, जरी लहान शेतकऱ्याची ओढाताण त्यात खरी असली तरी. मात्र सुरतेला गेलेल्या त्याच माणसाला तेथे किमान वेतन मिळते का, अपघात झाल्यास भरपाई मिळते का, आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या नंदुरबारच्या मुलांची शाळा सहा महिने कोण भरवते, ही उत्तरे अजून मिळायची आहेत, आणि ती देण्याची जबाबदारी कारखानदार, दोन्ही राज्यांची सरकारे आणि मुकादम यांच्यापैकी नेमकी कोणाची, हे कायद्याने स्पष्ट ठरवून घेणे हे वादविवाद जिंकण्यापेक्षा निकडीचे काम आहे.